देवानंदच्या लेकीचं माप

अकोल्याच्या जठारपेठेत सकाळी फुलं विकायला बसतात, त्यांत देवानंद असतो. समोर ओल्या फडक्यावर शेवंती आणि झेंडू, बाजूला दुर्वांच्या जुड्या, बेलाची पानं. बसलेला देवानंद चारचौघांसारखाच दिसतो. रुंद खांदे, भरदार मान, मोठं कपाळ. नवं गिऱ्हाईक त्याच्याशी भाव करतं, हसतं, हार निवडून घेतं. मग पाण्याची बादली उचलायला तो उभा राहतो, आणि त्याच्याबरोबर वर जायला निघालेली गिऱ्हाइकाची नजर मधेच थांबते. देवानंद उभा राहूनही फारसा वर येत नाही. त्याचे हातपाय जन्मापासून आखूड आहेत. त्या नजरेचा त्याला आता राग येत नाही. तो बादली भरून आणतो, फुलांवर पाणी शिंपडतो आणि परत बसतो.

त्याचं गाव अकोल्यापासून फार लांब नाही. काळ्या जमिनीचा लहानसा तुकडा, विहीर, आणि त्या विहिरीवर बारा महिने फुलं, थोडा भाजीपाला. वडील उत्तमराव उंचेपुरे होते. देवानंद त्यांचा एकुलता एक मुलगा. दर दसऱ्याला ते त्याला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा करायचे आणि डोक्यावर कोळशानं रेघ ओढायचे. उंची वाढते असं कोणीतरी सांगितलं म्हणून ते त्याला बांधावरच्या कडुनिंबाच्या फांदीला लोंबकळायला लावत. हात भरून यायचे, पण बाप खाली उभा आहे म्हणून पोरगा फांदी सोडायचा नाही. असं बरीच वर्षं चाललं. एका दसऱ्याला नवी रेघ जुन्या रेघेवरच पडली. पुढच्या दसऱ्याला देवानंद आपणहून चौकटीशी जाऊन उभा राहिला, तर ते म्हणाले, "जाय, सोनं वाटून ये सगळ्याइले." कोळसा त्यांनी हातात घेतला नाही. त्यानंतर दोन वर्षांत ते गेले.

पुढे देवानंदनं स्वतःला कोणाला मोजू दिलं नाही. शिंप्याकडे जातानासुद्धा तो जुनी पँट घेऊन जायचा आणि म्हणायचा, "याच्या मापानं शिव."

वर्षाली नांदगाव खंडेश्वरकडची. देवानंदच्या गावी मावशीकडे आली होती आणि नवरात्राच्या घाईत इतर बायांबरोबर फुलं तोडायला देवानंदच्या शेतात आली. अंगानं सडपातळ, उंच. देवानंद झाडांच्या ओळींतून फिरताना वाकत नसे, त्याला वाकायची गरजच नव्हती, आणि त्याचा हात एवढा हलका की कळीला धक्का लागत नसे. हे तिनं पाहिलं. आपल्या आईशी, पार्बताबाईशी, तो कसा बोलतो तेही पाहिलं. सोयरिकीची गोष्ट मावशीनंच काढली. वर्षालीचे वडील चंद्रभान शेतकरी माणूस, ते आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मग म्हणाले, "लोक काय म्हनतील, याचा इचार केला का तू?"

"लोक चार रोज म्हनतील, बाबा," वर्षाली म्हणाली. "जनम मले काढाचा हाय."

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मुलगी झाली. नर्सनं गुंडाळलेलं बाळ देवानंदच्या हातात दिलं, तेव्हा त्यानं आधी तिची मूठ उघडून पाहिली. मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट, यांच्यात फट होती. तशीच फट त्याच्या हाताला होती. डॉक्टरांनी नंतर बसवून जे समजावलं, ते त्याला त्या घडीलाच कळलं होतं. तो वर्षालीच्या खाटेजवळ गेला.

"माह्यावर गेली," तो म्हणाला.

"मंग कोनावर जाईन?" वर्षाली म्हणाली आणि तिनं बाळाला घ्यायला हात पुढे केले.

पार्बताबाईनं नातीचं नाव प्राजक्ता ठेवलं. डॉक्टरांनी दवाखान्यातून सोडताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. दर महिन्याला बाळाची लांबी, वजन आणि डोक्याचा घेर मोजायचा, चुकवायचं नाही. गावातल्या अंगणवाडीत सेविका रागिणीताई ते करायच्या. लहान बाळाची उंची उभ्यानं घेता येत नाही. त्याला एका फळीवर उताणं निजवतात. एकीनं डोकं फळीच्या टोकाला टेकवून धरायचं, दुसरीनं गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती पट्टी तळव्यांना आणून लावायची. बाळं रडतात, पाय झाडतात. प्राजक्ताही रडायची. वर्षाली डोकं धरायची, रागिणीताई पट्टी सरकवायच्या, मग टेप डोक्याभोवती फिरवायच्या आणि सगळं कार्डावर लिहून द्यायच्या.

पाचव्या महिन्यात वर्षालीला ताप आला होता, म्हणून प्राजक्ताला घेऊन देवानंद गेला. अंगणवाडीत तो पहिल्यांदाच आला होता. बाया आपापली लेकरं घेऊन ओळीनं बसल्या होत्या. रागिणीताईंनी माप घेतलं, आकडा मोबाइलमध्ये टाकला आणि मोबाइलवर जे उमटलं ते रोजच्या सवयीनं मोठ्यानं वाचलं.

"तीव्र खुजी."

तो सरकारी शब्द होता. कुपोषणानं ज्यांची वाढ खुंटते, त्या लेकरांसाठी केलेला. रागिणीताईंनी तो आजवर कितीतरी वेळा वाचला असेल. कोणी हसलं नाही. एक बाई मात्र आधी फळीवरच्या प्राजक्ताकडे आणि मग देवानंदकडे पाहायला लागली.

देवानंदनं पोरीला उचललं. "ताई, तुमच्या फळीवर माही पोरगी आता निजनार नाही," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. कार्ड घ्यायला तो विसरला नाही, पण घरी आल्यावर त्यानं ते लोखंडी पेटीत कपड्यांखाली घातलं.

वर्षालीचा ताप उतरल्यावर तिनं विषय काढला. "डॉक्टरनं सांगतलं हाय, दर महिन्याले मोजाचं म्हनून."

"मोजून उंची वाढते का?" देवानंद म्हणाला. "मले मोजलं माह्या बापानं. वर्षामागून वर्ष मोजलं. वाढलो मी?"

"उंचीचं नाही, पन..."

"माही पोरगी चारचौघीत फळीवर निजवाची अन् लोकाइनं पाहाचं. हे मले पाहावत नाही, वर्षाली. तू मले दुसरं काहीही सांग."

त्यानं तिला कधी काही तोडून सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्याचा चेहरा पाहून ती गप्प बसली.

रागिणीताई दोनदा घरी आल्या. दुसऱ्या वेळी त्या थेट शेतात विहिरीवर गेल्या. देवानंद मोटरचा पाइप बसवत होता. त्या म्हणाल्या, "देवानंदभाऊ, शब्द मोबाइलातला होता, पन तोंड माहं होतं. चुकलंच माहं. घरी येऊन मोजतो मी, कोनासमोर नाही."

"राग नाही तुमच्यावर, ताई," तो म्हणाला. "पन मोजाचं नाही आता." आणि तो पाइपाकडे वळला.

पावसाळा सरला. शेवंती कळ्यांवर आली. पार्बताबाई नातीला टोपडी शिवायच्या, जुन्या लुगड्याची, मऊ. गणपतीत शिवलेलं टोपडं दसऱ्याआधीच घट्ट झालं. त्यांनी दुसरं शिवलं, मोठं. तेही कपाळावर लाल वळ उमटवायला लागलं. वर्षाली म्हणाली, "आत्याबाई, हिचं डोकं लवकर वाढून राहिलं का?"

"देवानंदचंही असंच होतं," पार्बताबाई म्हणाल्या. "सारे म्हनत, एवढं डोकं हाय, हा कलेक्टर होईन." त्या हसल्या. देवानंदही जवळच होता. आपलं डोकं मोठं होतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. अशा बाळांचं डोकं मोठंच असतं, ही गोष्ट खरीच होती. त्यामुळेच घरातल्या तिघांनाही शंका आली नाही.

दिवाळीच्या तोंडावर प्राजक्ता दूध ओकायला लागली. मान धरायला शिकली होती, ती पुन्हा टाकायला लागली. दिवसभर झोपेत असायची. देवानंद बाजारातून आला की ती त्याचं बोट धरायची, तेही तिनं सोडलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तो पहाटेच जठारपेठेत फुलं घेऊन गेला. वर्षभरातला तो सर्वांत मोठा बाजार. माल संपवून तो दुपारी घरी आला, तर वर्षाली पिशवी भरून ओट्यावर बसलेली. प्राजक्ता मांडीवर. बाळाचे डोळे खाली ओढल्यासारखे झाले होते, बुबुळांच्या वर पांढरं दिसत होतं. टाळू फुगून आली होती.

"चला," ती म्हणाली.

"कोठी?"

"अकोल्याले, लेकराच्या डॉक्टरकडे. तुमी येता तं या. नाही तं मी एकटीच जाईन." तिच्या हातात ते कार्ड होतं. पेटीतून तिनं ते काढलं होतं.

तो हातपाय न धुताच निघाला.

सणाचा दिवस, तरी डॉक्टरबाई दवाखान्यात होत्या. त्यांनी प्राजक्ताच्या टाळूवर बोटं ठेवली, डोळ्यांत बॅटरी मारली, डोक्याभोवती टेप फिरवला. मग कार्ड मागितलं. पाचव्या महिन्यापर्यंत आकडे होते. त्यापुढे कोऱ्या चौकटी.

"मधली मापं कुठे आहेत?"

वर्षालीनं देवानंदकडे पाहिलं नाही. तोच म्हणाला, "म्या घेऊ देल्ली नाही."

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. रागावल्या नाहीत. "हे बघा," त्या म्हणाल्या, "या मुलांचं डोकं मोठं असतं, त्याचं भय नसतं. ते किती झपाट्यानं वाढतंय, हे बघायचं असतं. डोळ्यांनी ते कळत नाही, रोज पाहणाऱ्याला तर नाहीच. मला इथे एकदम उडी दिसतेय. डोक्यात पाणी साठलं असावं. आत्ताच्या आत्ता अमरावतीला न्या, मी चिठ्ठी देते. तिथे मेंदूचे डॉक्टर आहेत."

वर्षालीचा भाऊ शेखर अमरावतीत राजापेठेत राहायचा. खाली शिकवणीचे वर्ग, वर त्याच्या दोन खोल्या. त्यानं फोन येताच दवाखान्यात जाऊन सगळं सांगून ठेवलं आणि गाडीची वाट पाहत दारात उभा राहिला. तपासणीत डॉक्टरबाईंची शंका खरी निघाली. ऑपरेशन करून डोक्यातून पोटापर्यंत कातडीखालून एक बारीक नळी घालायची, तिच्यातून पाणी उतरत राहील, असं ठरलं.

पाडव्याच्या दिवशी सकाळी प्राजक्ताला आत नेलं. शेखरनं चहा आणला, तो तसाच गार झाला. देवानंद बाकावर बसला होता. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. वर्षाली शेजारी.

मग देवानंद म्हणाला, "माह्या बापानं मले मोजनं सोडलं, तवा मले वाटलं, त्यानं मलेच सोडलं. अन् म्या काय केलं?"

वर्षालीनं पदरानं तोंड पुसलं. "आता नका बोलू ते. तिले बाहेर येऊ द्या."

"तू मले काहून नाही टोकलं?"

"टोकलं होतं," ती म्हणाली. "तुमी आयकलं नाही. अन् मंग मीही गप बसली. तो दोष माह्याकडे."

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी प्राजक्तानं डोळे सरळ करून इकडेतिकडे पाहिलं आणि दुधासाठी रडली. तिचं रडणं ऐकून शेखर जिन्यात जाऊन उभा राहिला, कारण त्याला रडू आवरत नव्हतं. देवानंद मात्र खाटेचा दांडा धरून तिथेच उभा होता. पण सगळं भरून आलं नाही. पुढे काही महिन्यांनी कळलं की डाव्या डोळ्याची नजर अधू झाली आहे. देवानंदनं विचारलं, "उशिरानं झालं का हे?" डॉक्टर म्हणाले, तसं नक्की सांगता येणार नाही, लवकर आणलं असतं तरी झालं असतं कदाचित. त्यानं ते ऐकून घेतलं. त्यातला 'कदाचित' त्याच्या मनातून गेला नाही. त्याबद्दल तो कोणाशी बोलत नाही, वर्षालीशीही नाही.

दवाखान्यातून सुटल्यावर महिनाभर ते शेखरकडेच राहिले. मग अकोल्याच्या डॉक्टरबाईंकडे दाखवायला गेले. त्यांच्याकडे तशीच फळी होती. वर्षाली पुढे होणार, तेवढ्यात देवानंद म्हणाला, "डोकं मी धरतो." कानामागचा टाक्यांचा व्रण चुकवून त्यानं दोन्ही तळव्यांत लेकीचं डोकं घेतलं. ती रडली नाही, वर त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

डॉक्टरबाईंनी आकडा लिहिला आणि टेबलावर एक कागद पसरला. "अंगणवाडीच्या तक्त्यावर ही कायम खालीच दिसणार," त्या म्हणाल्या. "तो तक्ता सगळ्या मुलांचा आहे. हा दुसरा आहे, तिच्यासारखी जी मुलं असतात फक्त त्यांच्या मापांवरून केलेला. हिची उंची आपण यावर मांडू." त्यांनी पेन टेकवलं. ठिपका रेघांच्या मधोमध पडला. "बघा. तिच्या मानानं ती अगदी बरोबर वाढतेय."

देवानंदनं कागद जवळ ओढला. कितीतरी वेळ तो त्या ठिपक्याकडे पाहत होता. आपल्यासारख्या लेकरांना मोजून कोणी त्यांचा वेगळा तक्ता केला असेल, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"वडिलांची उंची काय?" डॉक्टरबाईंनी फाइल भरता भरता विचारलं.

ती त्याला ठाऊक नव्हती. वर्षालीलाही ठाऊक नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं कधी विचारली नव्हती.

"मोजा," देवानंद म्हणाला.

त्यानं चपला काढल्या. भिंतीला लावलेल्या पट्टीशी जाऊन पाठ टेकली, टाचा मागे घेतल्या, हनुवटी सरळ केली. कसं उभं राहायचं, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. डॉक्टरबाईंनी वरची पट्टी त्याच्या डोक्यावर आणली आणि आकडा हळूच सांगितला. वर्षाली प्राजक्ताला खांद्यावर घेऊन समोर उभी होती. देवानंद पट्टीखालून बाजूला झाला आणि त्यानं चपला घातल्या. "लिहून घ्या," एवढंच म्हणाला.

त्या महिन्यापासून अंगणवाडीत प्राजक्ताला तोच न्यायला लागला. पहिल्या दिवशी रागिणीताईंनी माप घेऊन मोबाइल उपडा ठेवला. देवानंद म्हणाला, "ताई, आकडा सांगा. शब्द राहू द्या." बाकीच्या बाया पाहत होत्या. त्यानं त्यांना पाहू दिलं.

प्राजक्ता उशिरा बसली, उशिरा चालली. दोन वर्षांची होऊन गेल्यावर एक दिवस विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि मग हात सोडून चार पावलं आजीकडे गेली. पार्बताबाईनं तिच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. नळी तुंबण्याची धास्ती अजून आहे. साधा ताप आला, एखादी उलटी झाली, तरी घर जागच्या जागी थांबतं आणि देवानंद आधी तिचे डोळे पाहतो. दुसऱ्या लेकराचं विचारलं की वर्षाली म्हणते, पाहू. डॉक्टरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं आहे, की पुन्हा असं होण्याची शक्यता निम्मी. ते दोघं त्यावर बोलतात, पण अजून काही ठरलेलं नाही.

यंदा प्राजक्ता पहिलीत गेली. चष्मा लावते, बोलायला खणखणीत आहे. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी देवानंद वर्षालीला म्हणाला, "सकाळी तूच ने तिले. मी नाही येत."

"काहून?"

"पोट्टे मले पाहतील, मंग तिच्याकडे पाहतील. मी नसलो तं ती नुसती लहान दिसंन. लहान तं सारेच असतात."

वर्षालीनं भाकरीचं पीठ मळता मळता हात थांबवला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ती म्हणाली, "अन् संध्याकाळी तिनं इचारलं, बाबा काहून नाही आले, तं मी काय सांगू? खरं सांगू?"

सकाळी तिघंही निघाले. देवानंद त्या दिवशी बाजारात गेला नाही, फुलं शेजाऱ्याच्या हाती पाठवली. शाळेच्या वळणावर त्याची पावलं मंद झाली. प्राजक्तानं त्याचं बोट धरलेलं होतं. ती न थांबता चालत राहिली, म्हणून तोही चालत राहिला. फाटकाजवळ मोठ्या वर्गातली पोरं उभी होती. त्यांच्यातला एक जण दुसऱ्याच्या कानात काहीतरी बोलला.

"बाबा, ते आपल्याले पाहून राहिले," प्राजक्ता म्हणाली.

"हो," देवानंद म्हणाला. "पाहतात लोक."

"काहून?"

"आपून लहान हाओ म्हनून. तू अन् मी."

तिनं यावर थोडा विचार केला. मग वर पाहून विचारलं, "आई नाही?"

"आई नाही. आई उंच हाय."

हे तिला पटलं असावं. वर्गात बाक उंच होता, तिचे पाय अधांतरी राहत होते. गुरुजींनी आतून एक लाकडी पाट आणून तिच्या पायाखाली सरकवला. तो डुगडुगत होता. देवानंद खाली बसला, एका पायाखाली कागदाची घडी घातली आणि पाट हातानं दाबून पाहिला. आता हलत नव्हता. मग तो उठला, दारातून बाहेर आला. वर्षाली व्हरांड्यात थांबली होती. दोघंही सोबत शेताकडे निघाली.